जात्यावरची ओवी कॉलेजात कशी पोचली



बारावीचा निकाल लागला की गटाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. कुणाची तरी लेक पास झालेली असते, तिला बी.ए.ला नाव घालायचं असतं आणि आई गटाकडे कर्ज मागते. शेळ्यांसाठी, शिलाई मशीनसाठी, दवाखान्यासाठी कर्ज मागितलं तर फार चर्चा होत नाही. नर्सिंग म्हटलं तरी सगळ्याजणी माना डोलावतात. बी.ए. म्हटलं की मात्र कुणीतरी विचारतंच, "मराठी घेऊन बी.ए. करून काय व्हायचं? मराठी तर आपल्याला येतंच की!"

हा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. कर्ज गटाच्या घामाच्या पैशाचं असतं, त्यामुळे विचारायलाच हवं. म्हणून आज आम्ही तुम्हाला इतिहास सांगणार आहोत. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला मराठी साहित्य म्हणून जे शिकवतात ते आलं कुठून, ते शिकायची मुभा कुणाला होती आणि कुणाला नव्हती, आणि त्या पुस्तकात आपल्यासारख्या बायकांचं काय आहे, एवढं ऐका. मग कर्जाचं ठरवा.

सुरुवात आपल्याच अंबाजोगाईपासून करू. तिथे मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा 'विवेकसिंधु' शके १११० चा, म्हणजे ११८८ सालचा मानतात, आणि मराठीतला पहिला काव्यग्रंथ म्हणून त्याचं नाव सांगतात. काळाबद्दल अभ्यासकांमध्ये वाद आहेत, पण मराठी साहित्याचा इतिहास शिकणाऱ्या पोराला हे नाव सुरुवातीलाच भेटतं. त्याच अंबाजोगाईत सोळाव्या शतकात दासोपंत होऊन गेले. त्यांची पासोडी प्रसिद्ध आहे. पासोडी म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको, अंगावर घ्यायचं जाडंभरडं कापड. चाळीस हात लांब म्हणून सांगितल्या जाणाऱ्या अशा एका कापडावर दासोपंतांनी अख्खा ग्रंथ लिहिला. ती पासोडी अंबाजोगाईत आजही आहे. आपण जुन्या लुगड्यांची गोधडी शिवतो, त्यांनी कापडाचं पुस्तक केलं.

आता परळीच्या पलीकडे जा. गंगाखेड लागतं. ते संत जनाबाईचं गाव. नामदेवांच्या घरी दळण-कांडण करणारी, झाडलोट करणारी, शेण्या वेचणारी ही बाई. तिचे अभंग सातशे वर्षं लोकांच्या तोंडी आहेत आणि आज कॉलेजात नेमलेले असतात. तिच्याही आधीची महदंबा. तेराव्या शतकातल्या या महानुभाव पंथाच्या बाईनं विदर्भातल्या रिद्धपूरला लग्नात गातात तसे धवळे रचून गायले. मराठीतली पहिली ज्ञात कवयित्री ती. म्हणजे आपल्या भाषेतली पहिली कवयित्री लग्नाची गाणी गाणारी होती, आणि तिच्या मागून आलेली मोठी कवयित्री जात्यावर बसणारी होती. त्याच रिद्धपूरला आता राज्य सरकारनं मराठी भाषा विद्यापीठ काढलं आहे.

एवढं सगळं मराठीत असताना कॉलेजात मराठी शिकवायला अडचण कसली होती? इथूनच खरी गोष्ट सुरू होते.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली सुरू झालं. तिथे शिकायची भाषा इंग्रजी. सुरुवातीला मराठीला परीक्षेत थोडी जागा होती, पण काही वर्षांतच ती गेली. वरच्या परीक्षांना संस्कृतसारख्या जुन्या भाषा चालत. मराठीत अभ्यास करण्यासारखं आहेच काय, असा शिकलेल्या लोकांचा समज होता. आपल्या बैठकीतला प्रश्न काही नवा नाही, तो दीडशे वर्षांपूर्वी मोठमोठ्या पदवीधरांनीही विचारलेला आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी मराठीला विद्यापीठात परत आणायला वर्षानुवर्षं खटपट केली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, रानड्यांच्या आयुष्याच्या अखेरीस, एम.ए.ला मराठीची वाट मोकळी झाली.

बायकांसाठी वेगळी वाट महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी काढली. त्यांनी १९१६ साली पुण्याजवळ हिंगण्याला महिला विद्यापीठ सुरू केलं. पहिल्या वर्षी विद्यार्थिनी किती होत्या? पाच. आपला सगळ्यात लहान गटसुद्धा त्याहून मोठा असतो. तिथे इंग्रजी हा एक विषय होता, पण बाकीचं शिक्षण मुलींच्या मातृभाषेतून द्यायचं असं कर्व्यांनी ठरवलं. तेव्हा अनेक शहाण्या माणसांना ते विद्यापीठ कमी दर्जाचं वाटलं. त्याला कायद्यानं मान्यता मिळायला १९५१ साल उजाडलं. आज आपण ज्याला एस.एन.डी.टी. म्हणतो ते हेच.

पण मैत्रिणींनो, हे सगळं मुंबई-पुण्याकडचं. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. हैदराबादला १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं आणि तिथलं सगळं शिक्षण उर्दूतून होतं. उर्दू आपल्या गटातल्या कितीतरी बायकांची मायबोली आहे, तिच्याशी कुणाचं भांडण नाही. उलट देशभर इंग्रजीचा बोलबाला असताना उस्मानियानं एका देशी भाषेतून वरचं शिक्षण दिलं, ही मोठी गोष्ट होती. पण मराठी बोलणाऱ्या घरातल्या पोराला वरच्या वर्गात गेलं की सगळं परक्या भाषेत शिकावं लागे. कोर्टकचेरीही उर्दूतच. बी.ए. करायचं तर घर सोडून हैदराबाद गाठायचं. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, इंटरपर्यंतचं सरकारी कॉलेज होतं. ज्यांना परवडे त्यांची मुलं जात. मुलींचं तर नावच नको.

त्यातही १९३८ साली उस्मानियातल्या मुलांनी वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हटलं म्हणून त्यांना काढून टाकलं. त्यातल्या अनेकांना नागपूर विद्यापीठानं सामावून घेतलं, म्हणून त्यांचं शिक्षण पुरं झालं. आपल्याकडच्या पोरांनी कॉलेजासाठी अशी वणवण केलेली आहे.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं. त्यानंतर दोनच वर्षांत, १९५० साली, मराठवाड्यात दोन मोठी कामं झाली. स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकारानं नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं. हे स्वामीजी त्याआधी आपल्या अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत मुख्याध्यापक होते. आणि औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं कॉलेज काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. ज्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या पाटी शिवली नव्हती, अशा घरांतली पोरं-पोरी तिथे आली, वसतिगृहात राहिली, शिकली. पुढे २३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. त्याला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून सोळा-सतरा वर्षं लढा झाला, लोकांची घरं जळाली, जीव गेले, आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. आज आपल्या लेकीच्या गुणपत्रिकेवर ज्या विद्यापीठाचं नाव छापून येतं, त्या नावामागे एवढं आहे.

कॉलेजची दारं उघडली, आता पुस्तकात काय गेलं ते बघू. दार उघडणं वेगळं आणि आपली भाषा पुस्तकात येणं वेगळं. सुरुवातीला पुस्तकात बहुतेक शहरातल्या, वरच्या जातीतल्या पुरुषांचं लिखाण होतं. खेड्यातली बाई त्यात असली तर कुणीतरी वर्णन केलेली. ती स्वतः बोलत नव्हती.

तिला बोलतं करायला बरेच हात लागले. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा करून 'स्त्री जीवन' नावाची पुस्तकं केली. दुर्गाबाई भागवतांनी लोकसाहित्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास कसा करायचा ते मराठीत लिहून दाखवलं. डॉ. सरोजिनी बाबर यांनी राज्याच्या लोकसाहित्य समितीकडून गावोगावची गाणी, उखाणे, कहाण्या छापून आणल्या. ताराबाई भवाळकरांनी तर सगळी हयात या ओव्यांमधली बाई काय म्हणते ते समजून घेण्यात घालवली. २०२५ साली दिल्लीला झालेल्या अठ्ठ्याण्णवाव्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष त्या होत्या.

मग एकेक बाई आपल्या पायांनी पुस्तकात आली. खानदेशच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात, जात्यावर त्या गाणी रचत आणि मुलगा सोपानदेव व मावसभाऊ ती टिपून ठेवत. त्या १९५१ ला गेल्या आणि १९५२ ला त्यांच्या गाण्यांचं पुस्तक निघालं. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव दिलं. सही करता न येणाऱ्या बाईच्या नावाची पदवी आज हजारो मुलं घेतात.

लक्ष्मीबाई टिळक शाळेत गेल्या नव्हत्या. लग्नानंतर नवऱ्यानं अक्षरओळख करून दिली. त्यांचं 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र १९३४ ते १९३६ या काळात निघालं. ते वाचताना आजही हसू आवरत नाही आणि डोळ्यांत पाणीही येतं. फलटणच्या बेबीताई कांबळे चौथी शिकलेल्या. किराणा दुकानात बसल्या बसल्या, घरच्यांपासून लपवून, त्यांनी आपल्या समाजातल्या बायकांचं जगणं लिहून काढलं. ते आधी 'स्त्री' मासिकात आलं आणि १९८६ साली 'जिणं आमुचं' म्हणून पुस्तक झालं. आपल्या मराठवाड्याचे रा. रं. बोराडे यांनी १९७१ साली 'पाचोळा' लिहिली. त्यात एका शिंप्याची बायको आपली कहाणी आपल्याच बोलीत सांगते. आपण बोलतो ती मराठी कादंबरीत चालते, हे कळल्यावर आपल्याकडच्या कितीतरी पोरांनी हातात पेन धरलं.

आणि आता सगळ्यात जवळची गोष्ट. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ या दोघांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत जाऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावं, तीन हजारांहून अधिक बाया आणि लाखाच्या वर ओव्या. १९९६ साली ही मंडळी आपल्या माजलगावच्या भीमनगरात आली होती. तिथल्या बायकांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या गायल्या, त्या ध्वनिमुद्रित झाल्या. आज 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या जगात कुठूनही ऐकता येतात. त्या बायकांनी मोलमजुरी केली, शेतात राबल्या. त्यांनी म्हटलेलं आज कॉलेजातले प्राध्यापक अभ्यासतात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मराठी आपल्याला येतं, मग शिकायचं काय? एक उदाहरण घ्या. जात्यावरच्या ओव्यांमध्ये भाऊ किती वेळा येतो ते आठवा. भाऊ मुराळी होऊन येतो, भाऊ लुगडं आणतो, भावाला कुणाची नजर लागू नये. आपण म्हणतो, केवढी माया! माया असतेच. पण साहित्य शिकवणारा चांगला मास्तर इथे थांबत नाही. तो विचारतो, ही ओवी कोण म्हणतंय? कुणाला ऐकू जावं म्हणून म्हणतंय? आणि काय बोलायचं मुद्दाम राहिलंय? मग लक्षात येतं की सासरी दळणाऱ्या त्या बाईला माहेरच्या जमिनीत वाटा नव्हता. माहेर तिच्या हातात होतं ते फक्त भावाच्या रूपानं. तो आला तर माहेर आहे, नाही आला तर नाही. म्हणून ती त्याला एवढं जपते. मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क देणारा कायदा महाराष्ट्रात १९९४ ला आला आणि देशभर २००५ ला. ओवीतला भाऊ आणि सात-बाऱ्यावरचं नाव यांचं असं नातं आहे. ओवी पाठ असणं आणि ओवी कळणं यात हा फरक आहे.

असं वाचायची सवय झालेली मुलगी मुकादमाचा कागदही तसाच वाचते. उचल किती लिहिली, कुणाच्या नावावर लिहिली, फेड कशी धरायची हे लिहिलंय का, अंगठा कुठल्या कोऱ्या जागेवर घेतला. बँकेचं पत्र, ग्रामसभेचा ठराव, पुढाऱ्याचं भाषण, सगळ्याला ती तेच प्रश्न विचारते. कोण बोलतंय, कुणासाठी, आणि काय वगळलंय.

हे खरं की सगळीकडे असं शिकवत नाहीत. कितीतरी ठिकाणी वर्गच भरत नाहीत. परीक्षेच्या आधी गाईड आणायचं, संदर्भासह स्पष्टीकरण घोकायचं आणि पेपर टाकून यायचा. अशा बी.ए.ला पैसे घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. बी.ए. झाली की नोकरी दारात उभी असते असंही नाही. पदवी असली की स्पर्धा परीक्षांना बसता येतं, पुढे बी.एड. करता येतं, पण मेहनत वेगळी लागतेच. म्हणून कर्ज देताना गटानं मुलीला दोन प्रश्न जरूर विचारावेत. वर्गात बसणार ना? मूळ पुस्तक वाचणार ना? तिनं हो म्हटलं तर हात आखडू नये.

कारण आपल्या जिल्ह्यात न शिकण्याची किंमत फार आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या दर शंभर बायकांपैकी चाळीसहून अधिक बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं दिसलं. दिवाळी झाली की कोयता बाहेर पडतो. मुलीला एकटं मागं कसं ठेवायचं म्हणून तिचं लग्न उरकतात, कोयत्याला जोडी होते आणि पुस्तकं घरात राहतात. कॉलेजात नाव घातलेल्या मुलीचं लग्न दोन-तीन वर्षं तरी पुढे ढकलता येतं, हे आपण सगळ्याजणी जाणतो. आणि जिचं लग्न झालंय तिच्यासाठीही वाट आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघालं ते शाळा-कॉलेज सुटलेल्यांसाठीच. घर, शेत आणि मजुरी सांभाळून तिथून बी.ए. झालेल्या बायका गावोगाव आहेत. प्रवेशाचे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून जवळच्या अभ्यासकेंद्रावर जाऊन नीट विचारून घ्या.

दुसरीही एक घाई आहे. गावात पिठाची गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. पाठीवरचा भार हलका झाला, चांगलंच झालं, जातं पुन्हा ओढा असं आम्ही कधीच म्हणणार नाही. पण ओव्या जात्याबरोबर गप्प झाल्या. ज्यांना त्या येतात त्या बाया आता साठी-सत्तरी ओलांडलेल्या आहेत. एक म्हातारी गेली की शंभर-दोनशे ओव्या तिच्याबरोबर जातात. माजलगावला १९९६ साली कुणी आलं म्हणून तिथल्या राहिल्या. तुमच्या वाडीवर, तांड्यावर कुणी आलं होतं का?

बाहेरून कुणी येण्याची वाट बघायची गरज नाही. कॉलेजात जाणारी मुलगी आणि मोबाइल, दोन्ही गावात आहेत. नव्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांना गावात जाऊन करायच्या प्रकल्पालाही जागा आहे. तेव्हा प्रत्येक गटानं एक दोनशे पानी वही घ्यावी. गटातल्या थोरल्या बाईला आधी विचारावं, तुझ्या ओव्या लिहून घेऊ का, तुझं नाव घालू का. ती हो म्हणाली तर मोबाइलवर आवाज भरावा आणि शिकणाऱ्या मुलीनं तो वहीत उतरवावा. शब्द सुधारायचे नाहीत. ती 'व्हतं' म्हणाली तर 'व्हतं'च लिहायचं, बंजारा बोलीत म्हणाली तर बंजारा बोलीतच. खाली तिचं नाव, माहेर, सासर, तारीख आणि ही ओवी कुठल्या कामावर म्हणत ते लिहायचं. दळताना, निंदताना, लग्नात हळद फोडताना, की बाळाला झोपवताना. एवढी माहिती असली की ती वही कुठल्याही कॉलेजात पुरावा म्हणून चालते.

महिन्याच्या बैठकीत हिशेब झाला, हप्ते जमा झाले की त्या वहीतलं एक पान मोठ्यानं वाचा आणि ते तीन प्रश्न विचारा. कोण बोलतंय, कुणाला, आणि काय राहिलंय. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला हेच शिकवतात.

आणि इतिवृत्तात मुलीच्या बी.ए.चं कर्ज लिहाल तेव्हा कारणाच्या रकान्यात 'इतर' असं लिहू नका. 'शिक्षण, मराठी साहित्य' असं पूर्ण लिहा.